पोस्टग्रेस नेमकी किती मेमरी वापरतो? १९० जीबीच्या बेरजेचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ३२ जीबी रॅमचा उबुंटू २२.०४ सर्व्हर, त्यावर फक्त पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस. शेअर्ड बफर्स ८ जीबी, वर्क मेम ३२ एमबी, इफेक्टिव्ह कॅश साइझ २४ जीबी. चार ॲप सर्व्हरांवरचे जावा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचे साठे) आणि रिपोर्टची कामं मिळून साधारण २२० कनेक्शन्स कायम उघडी. 'टॉप'मधल्या आरईएस रकान्याची (प्रत्येक प्रोसेसची रॅममधली मेमरी) बेरीज केली तर १९० जीबी येते, 'फ्री' म्हणतं ०.६ जीबी उरली आहे, आणि मॉनिटरिंगचा आलेख तिसरंच काही सांगतो. मग डेटाबेस खरोखर किती मेमरी वापरतो? वरिष्ठांकडे ६४ जीबीची मागणी करावी का? शिवाय दर रविवारी पहाटे पोस्टग्रेस रीस्टार्ट केला की मेमरी 'मोकळी होते', ते योग्य आहे का?

प्रश्नासोबत मेमइन्फो फाईल (अख्ख्या यंत्राच्या मेमरीचा लिनक्सने ठेवलेला हिशेब) पूर्ण डकवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण 'टॉप'चा फोटो टाकतात आणि मग उत्तर देणाऱ्याला अंदाजपंचे बोलावं लागतं.

प्रश्न एक दिसतो, पण त्यात तीन आहेत. पोस्टग्रेसने अडवून ठेवलेली, म्हणजे काही केल्या त्याच्याकडून काढून घेता येणार नाही अशी मेमरी किती? गर्दीच्या वेळी ती कुठवर चढते? आणि डेटाबेसच्या फाइल्स वाचता वाचता लिनक्सने आपण होऊन कॅशमध्ये ठेवलेली, गरज पडली तर लगेच सोडता येईल अशी किती? सर्व्हर किती मोठा हवा ते पहिल्या दोन प्रश्नांवर ठरतं. पण हाती येणारे आकडे या तिघांची खिचडी करून येतात, आणि वर पहिल्यातला मोठा भाग दोनशे वेळा मोजलेला असतो.

आधी १९० जीबीचा निकाल लावू. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस काढतो. या सगळ्या प्रोसेसेस ८ जीबीचा एकच शेअर्ड बफर्सचा तुकडा, म्हणजे डेटाबेसची सामायिक कॅश, वापरतात. एखाद्या प्रोसेसने त्यातल्या पानाला (मेमरी ४ केबीच्या पानांत मोजतात) हात लावला की ते पान तिच्या आरईएसमध्ये धरलं जातं. तेच पान दुसरीनेही वाचलं तर तिच्याही खात्यात. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असावीत आणि कर्जाच्या अर्जात प्रत्येकाने सगळं शेत आपलंच म्हणून दाखवावं, तसा हा प्रकार. चारही अर्ज आपापल्या जागी खरे वाटतात, पण बेरीज केली की गावात नाही एवढी जमीन निघते. तुमच्या २२० प्रोसेसेसनी सरासरी ८८० एमबीच्या आसपास शेअर्ड पानं पाहिली असतील, म्हणून १९० जीबी. त्या आकड्यातून मेमरीबद्दल काहीच कळत नाही. कोणती कनेक्शन्स बराच वेळ उघडी आहेत आणि भरपूर वाचन करतात, एवढंच कळतं.

यातूनच आणखी एक गैरसमज निघतो. नवं कनेक्शन १५ एमबीवर सुरू होतं, दुपारपर्यंत ते ९०० एमबी होतं, आणि कुणीतरी 'मेमरी लीक' असं तिकीट उघडतं. ते लीक नसतं. प्रोसेस हळूहळू शेअर्ड बफर्सची अधिकाधिक पानं पाहते, आणि तिचा आकडा ८ जीबीच्या दिशेने चढत जातो. खरं लीक पाहायचं असेल तर त्या प्रोसेसची खाजगी मेमरी पाहावी लागते. त्याकडे पुढे येतो.

माझी पद्धत उलटी आहे. प्रोसेसेसची बेरीज करत वर जाण्याऐवजी मी आधी अख्ख्या यंत्राचा हिशेब मांडतो आणि मग खाली उतरतो. मेमइन्फो प्रत्येक पान एकदाच मोजते, त्यामुळे तिथे दुहेरी मोजणीची भीती नाही. तुमच्या फाइलीतले कामाचे आकडे असे: एकूण ३१ जीबी, मोकळी ०.६, मेमअव्हेलेबल १३.३, एसएचमेम (शेअर्ड मेमरी) ८.३, ॲनॉनपेजेस (प्रोसेसेसची खाजगी मेमरी) ४.१, पेजटेबल्स ३.३. स्वॅपचा (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचा) वापर शून्य.

०.६ या आकड्याने घाबरू नका. लिनक्स मोकळी रॅम पडून ठेवत नाही, फाइल्सच्या कॅशला लावतो. चालत्या डेटाबेस सर्व्हरवर 'फ्री' रकाना कायम तळाला गेलेला असायचाच. पाहायचा तो मेमअव्हेलेबल. २०१४ साली कर्नल ३.१४ मध्ये ही ओळ आली आणि आमच्यासारख्यांचं काम सोपं झालं. स्वॅपकडे न वळता नव्या कामाला किती मेमरी देता येईल, याचा तो कर्नलचा स्वतःचा अंदाज असतो. तुमच्याकडे तो १३.३ जीबी आहे.

पण 'फ्री'ने केलेली खरी दिशाभूल वेगळीच आहे आणि ती फार लोकांच्या लक्षात येत नाही. पोस्टग्रेस ९.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, शेअर्ड बफर्स एमएमॅपने घेतलेल्या शेअर्ड मेमरीत राहतात. लिनक्स अशी मेमरी 'कॅश'मध्ये धरतो. म्हणजे 'फ्री'च्या 'बफ/कॅश' रकान्यातल्या तुमच्या २२.३ जीबीपैकी ८.३ जीबी ही पोस्टग्रेसची शेअर्ड मेमरी आहे, आणि ती सोडता येण्यासारखी अजिबात नाही. उबुंटू २२.०४ वरच्या 'फ्री'त 'यूज्ड'चा हिशेब एकूणातून मोकळी आणि कॅश वजा करून होतो, म्हणून तिथे तुम्हाला फक्त ८.१ जीबी दिसले. डेटाबेसचा सर्वांत मोठा हिस्सा त्या ८.१ मध्ये नाहीच! नव्या आवृत्त्यांमध्ये 'यूज्ड' म्हणजे एकूण वजा अव्हेलेबल असा हिशेब असतो, त्यामुळे दोन सर्व्हरांवर त्याच आज्ञेचे दोन अर्थ निघतात. तुमचा आलेख तिसराच आकडा दाखवतो त्याचं कारणही बहुधा हेच असावं. साधनाच्या कागदपत्रांत 'वापर' म्हणजे नक्की कशातून काय वजा केलं आहे, ते एकदा वाचून घ्या.

मेमअव्हेलेबल मात्र या सापळ्यात अडकत नाही. शेअर्ड मेमरीची पानं तो सोडण्याजोगी मानत नाही. म्हणून एकच आकडा पाहायचा असेल तर तो.

आता पेजटेबल्स ३.३ जीबी. तुमच्या सगळ्या मजकुरात मला हीच ओळ महत्त्वाची वाटली, आणि ती 'टॉप'मध्ये, आरएसएसमध्ये (आरईएसचंच दुसरं नाव), कुठेच दिसत नाही. आपल्या पत्त्यांमधलं कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे याची नोंद प्रत्येक प्रोसेस स्वतःची स्वतः ठेवते. मेमरी सामायिक असली तरी नोंदवही प्रत्येकाची वेगळी. ४ केबीच्या एका पानाला ८ बाइटची नोंद लागते. ८ जीबीत अशी साधारण २१ लाख पानं, म्हणजे पूर्ण नोंदवही १६ एमबीची. तुम्ही म्हणाल की माझ्या प्रोसेसेसनी तर ८ जीबीपैकी जेमतेम ९०० एमबी पाहिले आहेत. पण नोंदवहीचं एक पान २ एमबी पट्ट्याच्या नोंदी धरतं, आणि त्या पट्ट्यातलं एकच पान वाचलं तरी ते अख्खं घ्यावं लागतं. शेअर्ड बफर्समधलं वाचन विखुरलेलं असतं, त्यामुळे एक दशांश पानं पाहूनसुद्धा जवळपास सगळ्या पट्ट्यांना हात लागलेला असतो. १६ एमबी गुणिले २२० म्हणजे ३.४ जीबी. तुमचा आकडा ३.३. हिशेब जुळला.

म्हणजे तुमच्या यंत्रावर तीन जीबीहून जास्त रॅममध्ये ना डेटा आहे ना कुठल्या क्वेरीचं काम. ती निव्वळ नोंदी ठेवण्यात गेली आहे. कनेक्शन्स ३०० आणि शेअर्ड बफर्स १६ जीबी केले तर हाच आकडा साडेनऊ जीबीच्या घरात जाईल. अधिक रॅम घेऊन, तिच्या प्रमाणात शेअर्ड बफर्स वाढवणाऱ्यांना हा खर्च आधी दिसत नाही.

आतापर्यंतचा जमाखर्च: शेअर्ड मेमरी ८.३, खाजगी मेमरी सुमारे ४ (ॲनॉनपेजेसमधून सिस्टिमच्या इतर प्रोसेसेसचा छोटा वाटा वजा जाता), पेज टेबल ३.३. मिळून साडेपंधरा जीबी. हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. उरलेल्यातली १३-१४ जीबी फाइल कॅश आहे. तिचा फायदा डेटाबेसलाच मिळतो, पण ती त्याच्या मालकीची नाही. आणि एक गोष्ट: इफेक्टिव्ह कॅश साइझचे २४ जीबी कोणत्याही बेरजेत धरू नका. त्या सेटिंगने एक बाइटही घेतला जात नाही. इंडेक्स वापरणं परवडेल की नाही हे ठरवायला क्वेरी प्लॅनरला दिलेला तो फक्त अंदाज आहे.

ही पद्धत तुम्हाला लागू पडते कारण यंत्रावर पोस्टग्रेसशिवाय काही नाही. ॲप त्याच सर्व्हरवर असतं तर प्रोसेसनिहाय उतरावंच लागलं असतं. त्यासाठी आरएसएस नाही, पीएसएस वापरायचा. त्यात प्रत्येक सामायिक पान जितक्या प्रोसेसेस वापरतात तितक्यांत वाटून धरतात. २२० जणांनी वापरलेल्या पानाचा २२०वा हिस्सा प्रत्येकाच्या खात्यात. त्यामुळे बेरीज खरी येते. कर्नल ४.१४ पासून 'प्रॉक'मध्ये प्रत्येक प्रोसेसच्या फोल्डरात 'एसमॅप्स रोलअप' नावाची फाईल असते, तिच्यात हा आकडा एका ओळीत मिळतो. रूट होऊन पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेसेसच्या या ओळींची 'ऑक' या आज्ञेने बेरीज करा. तुमच्याकडे ती १२ जीबीच्या आसपास यावी. 'एसमेम' हे छोटं साधनही हेच करतं.

दोन सावधगिरीच्या सूचना. हा आकडा काढताना कर्नलला त्या प्रोसेसची सगळी पेज टेबलं चाळावी लागतात. २२० मोठ्या प्रोसेसेसवर हे काम फुकट होत नाही, म्हणून दर पाच सेकंदांनी चालणाऱ्या मॉनिटरिंगमध्ये ते घालू नका. दिवसातून काही वेळा पुरे. दुसरं, पीएसएसमध्ये पेज टेबल येत नाहीत, आणि पुढे ह्यूज पेजेस (४ केबीऐवजी २ एमबीची पानं) लावलेत तर शेअर्ड बफर्सही त्यातून गायब होतील. लोक मग विचारतात की डेटाबेस अचानक हलका कसा झाला.

याहून सोयीचा मार्ग सीग्रुपचा, म्हणजे कर्नलने एकत्र हिशेब ठेवलेल्या प्रोसेसेसच्या गटाचा. सिस्टमडीखाली चालणाऱ्या पोस्टग्रेसचा स्वतःचा सीग्रुप असतो आणि त्यातली 'मेमरी स्टॅट' फाईल ॲनॉन, एसएचमेम, फाईल असे वेगवेगळे आकडे प्रत्येक पान एकदाच मोजून देते, तेही पेज टेबलं न चाळता. 'मेमरी करंट' हा एकच आकडा उचलू नका, त्यात फाइल कॅश मिसळलेली असते. 'फाईल'मध्ये एसएचमेमही धरलेला असतो. तो वजा केला की खरी सोडण्याजोगी कॅश उरते. माझ्या कायमच्या आलेखांमध्ये हेच आकडे असतात, एकावर एक रचलेले. कंटेनरमध्ये पोस्टग्रेस चालवणाऱ्यांना तर याशिवाय पर्याय नाही, कारण आत बसून 'फ्री' चालवलं तर ते साधारणपणे अख्ख्या यजमान यंत्राचे आकडे दाखवतं. कंटेनरवाल्यांसाठी जाता जाता: डॉकर शेअर्ड मेमरीच्या फोल्डराला आपोआप फक्त ६४ एमबी देतो, आणि पॅरलल क्वेरी चालली की 'जागा नाही' अशी चूक येते. रॅम भरपूर मोकळी असते, तरी. तिथे मेमरी वाढवून उपयोग नाही, ती एक मर्यादा वाढवायची.

ॲमेझॉन आरडीएससारख्या सेवेवर असाल तर यातलं बरंचसं हातात नसतं. तिथे 'फ्रीएबल मेमरी'च्या आलेखावर आणि पोस्टग्रेसच्या आतल्या साधनांवर भागवावं लागतं.

आता दुसरा प्रश्न, गर्दीच्या वेळचा. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या क्वेरी पाहिल्याशिवाय मी आकडा देणार नाही. कारण वर्क मेम. ही मर्यादा कनेक्शनला नसते. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला ती वेगवेगळी मिळते. हॅशसाठी ती हॅश मेम मल्टिप्लायरने गुणली जाते, आणि पोस्टग्रेस १५ पासून तो गुणक आपोआप २ असतो. म्हणजे तुमच्या ३२ एमबीत एका हॅशला ६४ एमबी. तीन हॅश जॉइन, वर दोन पॅरलल वर्कर, प्रत्येकाला आपापला वाटा. एकाच रिपोर्टने अर्धा जीबी घेतला तर त्याने कुठलाही नियम मोडलेला नसतो.

यावर काही जण २२० गुणिले ३२ गुणिले अमुक असं सूत्र मांडतात आणि भयानक आकडा काढतात. मला ते सूत्र निरुपयोगी वाटतं. २२० पैकी एका क्षणी खरोखर काम करणारी कनेक्शन्स किती, हे पोस्टग्रेसच्या पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या तक्त्यात पाहा. जावा पूलच्या मागे बहुतेक वेळा दहा-पंधराच 'ॲक्टिव्ह' असतात, बाकी 'आयडल' बसलेली. तेव्हा मोजायचं ते असं: प्रत्येक प्रोसेसच्या 'स्टेटस' फाइलीत आरएसएस ॲनॉन ही ओळ असते, ती म्हणजे जवळजवळ खाजगी मेमरीच. दर मिनिटाला सर्वांची बेरीज आणि सर्वांत मोठे पाच आकडे नोंदवा. महिनाअखेरचे रिपोर्ट, रात्रीचा बॅकअप, इंडेक्स बांधणी यांच्यासकट एक पूर्ण चक्र होऊ द्या. माथ्याचा आकडा त्यातूनच मिळतो. इंडेक्स बांधणी आणि व्हॅक्यूम (जुन्या ओळींची साफसफाई) ही कामं 'मेंटेनन्स वर्क मेम' ही वेगळी मर्यादा वापरतात, आणि ऑटोव्हॅक्यूमचे आपोआप तीन वर्कर असतात, त्यामुळे तो आकडा कुणी २ जीबी करून ठेवला असेल तर माथा तिथूनही येऊ शकतो.

एखादी प्रोसेस वेगळी उठून दिसली तर आता आत डोकावता येतं. पोस्टग्रेस १४ पासून पीजी लॉग बॅकएंड मेमरी कॉन्टेक्स्ट्स या फंक्शनला त्या प्रोसेसचा क्रमांक दिला की तिच्या मेमरीची सविस्तर वाटणी सर्व्हरच्या लॉगमध्ये येते. एक्झिक्युटर स्टेटखाली फुगवटा असेल तर चालू क्वेरीचा दोष. कॅश मेमरी कॉन्टेक्स्ट फुगला असेल तर गोष्ट वेगळी: हजारो टेबलं किंवा पार्टिशन्स असलेल्या डेटाबेसात प्रत्येक कनेक्शन स्पर्श केलेल्या प्रत्येक टेबलाची माहिती स्वतःजवळ साठवतं आणि ती सहसा सोडत नाही. प्रत्येक ग्राहकाला वेगळी स्कीमा देणाऱ्या ॲपमध्ये एकेका रिकाम्या बसलेल्या कनेक्शनकडे शेकडो एमबी निघालेले मी पाहिले आहेत. तुमच्याकडे २२० प्रोसेसेसमध्ये मिळून ४ जीबी, म्हणजे प्रत्येकी १८-१९ एमबी. हे ठीकठाक आहे, चिंतेचं नाही.

उलट बाजूही तपासा. वर्क मेम अपुरा पडला की पोस्टग्रेस काम डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइल्सवर ढकलतो. पीजी स्टॅट डेटाबेसमधला टेम्प बाइट्सचा आकडा झपाट्याने वाढत असेल, तर मेमरी शिल्लक असूनही क्वेरी डिस्कवर रखडत आहेत असा त्याचा अर्थ. अशा वेळी सगळ्यांचा वर्क मेम वाढवण्यापेक्षा रिपोर्टच्या युजरपुरता वाढवावा.

मायएसक्यूएलवरून आलेल्यांसाठी एक इशारा, कारण त्यांचा सल्ला इकडे सर्रास चिकटवला जातो. तिथे एकच प्रोसेस आणि आत थ्रेड्स, बफर पूल त्या प्रोसेसच्या खाजगी मेमरीत. त्यामुळे तिथे 'टॉप'चा आरईएस बऱ्यापैकी खरं बोलतो. स्वतंत्र सर्व्हरवर ८० टक्क्यांपर्यंत रॅम बफर पूलला देण्याची रीतही तिथलीच. पोस्टग्रेस मात्र फाइल्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून वाचतो, त्याचं मॅन्युअल शेअर्ड बफर्ससाठी २५ टक्क्यांपासून सुरुवात करायला सांगतं आणि ४० च्या वर क्वचितच फायदा होतो असं म्हणतं. तुमचे ८ जीबी अगदी त्या रेषेवर आहेत; त्यांना हात लावू नका.

मग मेमरी कमी पडते आहे का? तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी नाही. १३ जीबी सोडण्याजोगी आहे आणि स्वॅप वापरात नाही. खात्रीसाठी तीन गोष्टी पाहा: 'व्हीएमस्टॅट'मधले एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत आणि बाहेर) रकाने गर्दीतही शून्य राहतात का, 'प्रेशर' फोल्डरातल्या मेमरी फाइलीत थांबण्याची टक्केवारी वाढते का, आणि कर्नलच्या लॉगमध्ये ओओएम किलरची (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेची) नोंद आहे का. ती नोंद सापडली तर प्रकरण गंभीर समजा. कर्नलने एका बॅकएंडला (एका कनेक्शनच्या प्रोसेसला) ठार केलं की पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस, शेअर्ड मेमरी बिघडली असावी असं गृहीत धरतो, सगळी कनेक्शन्स तोडतो आणि रिकव्हरी चालवतो. एका रिपोर्टपायी सगळं ॲप बंद. म्हणूनच पोस्टग्रेसच्या सर्व्हरवर कर्नलचं 'ओव्हरकमिट मेमरी' हे सेटिंग २ (आहे त्याहून जास्त मेमरी कबूल न करणं) ठेवण्याचा सल्ला मॅन्युअलमध्ये आहे. मग मेमरी संपली तर त्या एका क्वेरीला चूक मिळते आणि बाकीचे चालू राहतात. मात्र त्यासोबतचा ओव्हरकमिट रेशो आपोआप ५० असतो. स्वॅप लहान असेल तर त्याने अर्धी रॅम हातची जाते, म्हणून तो तपासून वाढवावा लागतो.

रॅमच्या मागणीआधी मी दोन कामं करेन. पहिलं ह्यूज पेजेस. ४ केबीऐवजी २ एमबीची पानं वापरली की प्रत्येक प्रोसेसची ती १६ एमबीची नोंदवही काही केबीवर येते, आणि तुमचे ३.३ जीबी दोन-तीनशे एमबीच्या आत यावेत. पोस्टग्रेस १५ मध्ये 'शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस' हे मूल्य चालू सर्व्हरवर 'शो' करून पाहता येतं. ८ जीबीसाठी ते ४,०९६ पेक्षा थोडं जास्त निघेल. कर्नलला तेवढी पानं राखून ठेवायला सांगा, आणि पोस्टग्रेसमध्ये ह्यूज पेजेस 'ट्राय'वर न ठेवता 'ऑन' करा. 'ट्राय'वर पानं कमी पडली तर तो गुपचूप ४ केबीवर परत जातो आणि कुणाला कळतही नाही. 'ऑन'वर तो सुरूच होणार नाही, पण निदान कारण लगेच समजेल. हे केल्यावर 'फ्री'मध्ये 'यूज्ड' एकदम आठ-साडेआठ जीबीने वर उडी घेईल आणि 'शेअर्ड' खाली येईल. राखीव ह्यूज पेजेस तो 'यूज्ड'मध्ये धरतो, एवढंच. ऑन-कॉलवरच्या सहकाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री फोन येईल.

कनेक्शन 'महाग' असतं ही समजूतही या निमित्ताने तपासून घेण्यासारखी आहे. पोस्टग्रेसच्या गाभ्यावर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांनी २०२० मध्ये हे मोजून दाखवलं होतं: ह्यूज पेजेस असताना एका कनेक्शनचा मेमरीचा खर्च दोन एमबीपेक्षा कमी. बाकीचा भार येतो तो पेज टेबलांचा आणि तुमच्या क्वेरींचा.

दुसरं काम पूलिंगचं. प्रत्येक ॲप सर्व्हरवर पन्नास-पन्नास कनेक्शन्स धरून बसण्यापेक्षा मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन्स वाटून देणारा मध्यस्थ) ट्रान्झॅक्शन पद्धतीने लावला तर ४० मागच्या कनेक्शन्सवर बहुधा तुमचं भागेल. जावावाले इथे प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं कारण सांगून अडतात. ते कारण आता जुनं झालं, पीजीबाउन्सर १.२१ पासून, म्हणजे २०२३ पासून, त्याची सोय आहे. तरी हे काम ॲपच्या लोकांना सोबत घेऊनच करा, कारण सेशनभर टिकणाऱ्या सेटिंग्ज आणि ॲडव्हायझरी लॉक यांच्यावर परिणाम होतो.

वरिष्ठांना सांगायचं ते असं: डेटाबेस साडेपंधरा जीबी अडवतो, त्यातले तीन विनाखर्च वाचवता येतात, गर्दीचा माथा मोजायला महिनाभर द्या. त्यानंतरही ६४ जीबी लागू शकतात, पण त्याचं कारण वेगळं असेल. रोज लागणारा डेटा फाइल कॅशमध्ये मावत नसेल आणि डिस्कवरचं वाचन सतत चालू असेल, तर वाढीव रॅम थेट वेगात दिसते. ते डिस्कच्या वाचनाच्या आकड्यावरून ठरवा. 'फ्री'च्या रकान्यावरून ठरवू नका.

राहिला रविवारचा रीस्टार्ट. तो बंद करा. आलेख खाली येतो कारण नव्या शेअर्ड बफर्सच्या पानांना अजून कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे ती रॅममध्ये आलेलीच नसतात. सोमवारी दुपारपर्यंत आकडा होता तिथे परत जातो, आणि तोवर सकाळच्या क्वेरी थंड कॅशवर चाललेल्या असतात. ह्यूज पेजेससाठी एक रीस्टार्ट अटळ आहे. त्याआधी पीजी प्रीवॉर्म हे एक्स्टेन्शन 'शेअर्ड प्रीलोड लायब्ररीज' या सेटिंगमध्ये टाका. एकदा तो चालू झाला की तेव्हापासूनच्या प्रत्येक रीस्टार्टनंतर आधीचे बफर्स तो आपोआप परत भरतो. जुन्या कनेक्शन्सनी साठवलेली टेबलांची माहिती मोकळी करणं हा रीस्टार्टचा एकच खरा फायदा होता, आणि ते काम जावा पूल स्वतः करतो. हिकारीसीपी हा पूल असेल तर त्याचा मॅक्स लाइफटाइम (एका कनेक्शनचं कमाल आयुष्य) आपोआप ३० मिनिटांचा असतो. कुणी तो शून्य, म्हणजे अमर्याद, करून ठेवला आहे का तेवढं चारही ॲप सर्व्हरांवर पाहून घ्या.